देवानं मला कशासाठी बोलावलंय?

(साताऱ्यातल्या ख्रिस्ती तरुणांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोड्या संपादनासह)

उपासना संपली की एखादा मुलगा मागे रेंगाळतो. बाकीचे गेले की विचारतो, "पाचारण झालंय हे कळायचं कसं?" त्याच्या मनात पाळकाचा झगा असतो, नाहीतर सेमिनरी, म्हणजे पाळक होण्याचं शिक्षण देणारी शाळा. त्या दोन्हींबद्दल मला आदर आहे. पण मी त्याला आधी विचारतो, तुझ्या डोळ्यांसमोर असं कोण आहे, ज्याच्यामुळे तुला झोप लागत नाही?

आपण साताऱ्यात बसलोय, तेव्हा नारायण वामन टिळकांचंच उदाहरण घेऊ. 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं दोन दशकांहून अधिक काळ ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. कवी म्हणून नाव झालं होतं, संसार मार्गी लागला होता. तरी 1917 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचं काम सोडून ते इथं साताऱ्याला आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. त्यांना एकच गोष्ट डाचत होती: ख्रिस्तावर प्रेम करणारा मराठी माणूस आपल्या माणसांतून उठून परका का व्हावा? म्हणून दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. त्या काळी हे मंडळीला सहज पचण्यासारखं नव्हतं.

1919 च्या मे महिन्यात टिळक वारले. जेमतेम दोन वर्षं मिळाली. मग त्यांचं पाचारण अपुरं राहिलं का? मी नाही म्हणतो. त्यांची गाणी आपण दर रविवारी म्हणतो. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य अर्धवट राहिलं होतं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढं नेऊन पुरं केलं. लग्नानंतर अक्षरओळख झालेली ही बाई! देवानं एकाच्या हाती दिलेलं काम दुसऱ्याच्या हातून पुरं करून घेतलं. आपल्याच हयातीत, आपल्याच नावानं सगळं व्हावं हा हट्ट धरू नका, पोरांनो.

आता पवित्र शास्त्रातल्या शमुवेलाकडे वळू, एली याजकाच्या हाताखाली मंदिरात सेवा करणाऱ्या मुलाकडे. देवाची हाक त्याला तीनदा ऐकू आली आणि तिन्ही वेळा तो उठून एलीकडे धावला. हाक कुणाची, हे त्याला ओळखता आलं नाही. ओळखलं ते एलीनं, दृष्टी मंदावलेल्या म्हाताऱ्यानं, ज्याची स्वतःची मुलं वाया गेली होती. आणि निरोप काय होता? एलीच्याच घराण्याविरुद्ध! शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, मग उठून त्यानं परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडली. मला हे वाक्य फार आवडतं. एवढी हाक ऐकली, तरी सकाळी दारं उघडायचं नेमून दिलेलं काम चुकलं नाही. दर्शन सांगायला मात्र तो भीत होता.

मिरजेला मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय उघडलं आणि 1928 पर्यंत तिथं काम केलं. त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण अशाच एका दवाखान्यात रात्रपाळीला मी एका सिस्टरला पाहिलं. पक्षाघात झालेल्या आजोबांना एका कुशीवर वळवून, खालची ओली चादर काढून ती नवी अंथरत होती. त्यांची झोप मोडू न देता. नंतर ती मला म्हणाली, "माझं पाचारण बहुतेक दुसरीकडंच असावं." मी तिला प्रेषित पौलाची आठवण करून दिली. करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लेबरोबर तंबू करता करताच त्यानं सुवार्ता सांगितली. ती काही बोलली नाही. मीही आग्रह धरला नाही. कारण ते तिनं प्रार्थनेत देवाला विचारायचं आहे.

वडीलधाऱ्यांनाही एक सांगतो. तुमच्या घरातली मुलगी म्हणाली, "मला कुष्ठरोग्यांत काम करायचंय," तर लगेच पगाराचा विषय काढू नका. आणि लगेच टाळ्याही वाजवू नका. तिच्याबरोबर बसा, पवित्र शास्त्र उघडा, प्रार्थना करा, पाळकांना घरी बोलवा. वर्षभर सुट्टीच्या दिवशी तिला तिथं जाऊ द्या. वर्षानंतरही तिची ओढ तशीच राहिली, तर मात्र तिची वाट अडवू नका.