पानावरचं मेण

श्रोतेहो, नमस्कार.

द्राक्षाचा मणी हातात घेतला की त्यावरची पांढुरकी झाक बोटाला लागते. अनेकांना ती धूळ वाटते, नाहीतर फवारणीचा थर. फवारणीचा अंश कधी असतोही, तेव्हा फळ धुऊनच खावं. पण ती झाक मुख्यतः मेणाची असते आणि हे मेण वेलच तयार करते.

पानं, कोवळे देठ, फळं यांच्या सर्वांत बाहेरच्या पेशींवर हे आवरण असतं. त्याला उपत्वचा किंवा क्युटिकल म्हणतात. ते स्वतः जिवंत नसतं, खालच्या पेशी त्याचा माल बनवून बाहेर सोडतात. त्याचा सांगाडा क्युटिनचा, म्हणजे 16 किंवा 18 कार्बनच्या मेदाम्लांच्या गुंफलेल्या जाळ्याचा. या जाळ्यात मेण मुरलेलं असतं आणि वरही मेणाचा थर असतो.

या आवरणाचं मोठं काम म्हणजे आतलं पाणी उडून जाऊ न देणं. आता हे पाणी नेमकं कोण अडवतं? आवरण जाड तेवढा बंदोबस्त चोख, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. काही पानांचं क्युटिकल एक मायक्रोमीटरही (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरत नाही, काहींचं दहाच्या वर जातं, पण नुसत्या जाडीवरून गळतीचा अंदाज लागत नाही. क्लोरोफॉर्मनं फक्त मेण काढून टाकलं आणि जाळं तसंच ठेवलं, तर पाणी झिरपण्याचा वेग दहापट, कधी शेकडो पट वाढतो. पाणी राखतं ते मेण!

अर्थात, हे आवरण कार्बन डायऑक्साइडलाही सहज आत येऊ देत नाही, म्हणून तर पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची उघडमीट करणारी बारीक छिद्रं हवीत. कडक उन्हाळ्यात ती मिटली की झाडाची सारी भिस्त या थरावर. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींचं क्युटिकल अगदी पातळ असतं, त्यामुळे बाहेर काढल्यावर त्या लगेच मान टाकतात.

बुरशीलाही आधी इथंच झुंजावं लागतं. भातावर करपा आणणारी बुरशी पानाला चिकटून एक फुगीर पेशी तयार करते. तिच्यातला दाब आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 80 पट, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या तीस पटींहून जास्त! त्या जोरावर ती पानात घुसते. इतर काही बुरश्या क्युटिन विरघळवणारं विकर (एन्झाइम) सोडतात. पण त्यातून सुटलेले क्युटिनचे तुकडे खालच्या पेशींना कळतात, आणि झाड बचावाची तयारी सुरू करतं.