चिंचेखालचा रविवार

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे, विकास आराखड्यात बागेसाठी राखून ठेवलेली. बाग काही झाली नाही. पण चिंचेची तीन झाडं आहेत, पोरांचं क्रिकेट आहे, संध्याकाळी म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. तिथं दुकानगाळे होणार असं कानावर आलं आणि आम्ही दर रविवारी सकाळी तासभर चिंचेखाली फलक घेऊन बसायला लागलो.

मग घरोघरी नोटिसा आल्या. 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.' शेजारच्या आजींनी तो कागद घडी घालून देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. नातू पोलीस भरतीची तयारी करतोय. "त्याच्या चारित्र्य पडताळणीत हे येईल का रे बाबा?" एवढंच त्या विचारत राहिल्या. पुढच्या रविवारी निम्मी माणसं आली नाहीत.

मला संताप येतो तो या निम्म्या माणसांसाठी. आरक्षण बदलायचं तर १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. म्हणजे कायदाच विचारतो, तुमचं म्हणणं काय? आणि ते म्हणणं चारचौघांत बसून ठरवायला गेलं की घरी नोटीस!

शांततेनं, शस्त्राशिवाय एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ नं दिलाय. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. वाहतूक अडू नये, रुग्णवाहिकेला वाट मिळावी, हे मलाही शंभर टक्के मान्य. पण १९७२ साली हिंमतलाल शहा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येईल, सरसकट बंदी घालता येणार नाही. आम्ही तर रस्त्यावरही नाही, झाडाखाली बसतो.

आणि हे कोल्हापूर आहे. टोलविरोधात इथं घराघरातली माणसं रस्त्यावर उतरली, वर्षानुवर्षं. कॉम्रेड गोविंद पानसरे त्या लढ्यात पुढे होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची हत्या झाली. टोल रद्द झाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात. ते बघायला ते नव्हते.

काल आजींना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. रविवारच्या बैठकीचं पत्र दिलं, पोच मागितली. ठाणे अंमलदारांनी शिक्का मारून दिला. आजींनी तो कागद दोनदा वाचला, पदराच्या टोकानं शाई टिपली आणि विचारलं, "किती वाजता जमायचं?"

सकाळी आठ वाजता. चटई आपापली आणायची.