सगळे खेळ मोजायचे तर

मंडळी, इथे बे एरियात आपल्या बऱ्याच घरांतली मुलं शाळेकडून पोहतात, टेनिस खेळतात, कुणी तलवारबाजीला जातं. मुलगी अकरावीत आली की घरात कॉलेजांची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: ‘ते कॉलेज स्पोर्ट्समध्ये फार स्ट्राँग आहे.’ मला आज या वाक्याबद्दल बोलायचं आहे. स्ट्राँग म्हणजे नक्की कशात? शनिवारी अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियममध्ये लाखभर माणसं जमतात म्हणून? की त्या कॉलेजचे वीस-पंचवीस संघ आहेत आणि त्यातले बहुतेक आपल्या कॉन्फरन्समध्ये दरवर्षी वरच्या निम्म्यात असतात म्हणून? मला दुसरं उत्तर बरोबर वाटतं. ते मोजताही येतं. पण मोजण्याच्या ज्या पद्धती आज मानाच्या समजल्या जातात, त्यांत एक मोठी उणीव आहे. कॉलेजने बंद करून टाकलेला संघ त्यांना दिसतच नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगतो. एनसीएए म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी राष्ट्रीय संस्था; तिच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. ती सगळी एकमेकांशी खेळू शकत नाहीत, म्हणून त्यांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. बिग टेनमध्ये आज १८ कॉलेजं आहेत, एसईसीमध्ये १६, आयव्ही लीगमध्ये ८. हंगामातले बरेचसे सामने गटातच होतात, आणि गटाचं विजेतेपद हे तिथल्या खेळाडूच्या दृष्टीने वर्षाचं पहिलं मोठं ध्येय असतं.

आधी देशपातळीवरचं मोजमाप पाहू, कारण सगळे त्याचाच दाखला देतात. ॲथलेटिक डायरेक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेचा ‘डायरेक्टर्स कप’ १९९३-९४ साली सुरू झाला. पहिल्या वर्षी तो नॉर्थ कॅरोलायनाने जिंकला. पुढच्या वर्षीपासून २०१८-१९ पर्यंत सलग २५ वर्षं तो आपल्या शेजारच्या स्टॅनफर्डकडे होता. २०१९-२० मध्ये कोविडमुळे दिला गेला नाही. त्यानंतर २०२४-२५ पर्यंत टेक्ससने चार वेळा आणि मधे एकदा स्टॅनफर्डने. सलग २५ वर्षं हा पराक्रमच आहे, त्यात शंका नाही.

पण गुण कसे देतात ते बघा. एखाद्या खेळात राष्ट्रीय विजेतेपद मिळालं की १०० गुण, खाली उतरत्या क्रमाने कमी. कॉलेजचे संघ कितीही असोत, हिशेबात धरतात फक्त १९ खेळ. बेसबॉल, बास्केटबॉल असे काही खेळ सक्तीचे, बाकीचे ज्यांत सर्वांत जास्त गुण मिळाले ते. महाराष्ट्रात दहावी केलेल्यांना हे चटकन कळेल. आपल्या बोर्डाच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’सारखंच आहे हे. सहावा विषय कसाबसा सुटला तरी टक्केवारीला धक्का लागत नाही. ज्या कॉलेजकडे ३६ संघ आहेत त्याच्याकडे निवडायला भरपूर, आणि जे संघ तळाला आहेत ते तक्त्यातून अलगद नाहीसे होतात. शिवाय क्रॉस-कंट्री, इनडोअर ट्रॅक आणि आउटडोअर ट्रॅक हे तीन वेगळे खेळ धरले जातात. लांब पल्ल्याचे धावपटू तिन्हींत तेच असतात. म्हणजे चांगल्या धावपटूंचा एक गट जमवला की त्याचं फळ तीनदा पदरात. बास्केटबॉलच्या संघाला ही सोय नाही.

फुटबॉलची गोष्ट आणखी निराळी. सर्वांत वरच्या गटातल्या फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद एनसीएए भरवतच नाही, त्यामुळे तिथे अखेरच्या क्रमवारीवरून गुण लावावे लागतात.

आपल्याकडेही अशी परंपरा आहे, हे आवर्जून सांगतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांमधल्या एकूण कामगिरीसाठीचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो, म्हणजे डायरेक्टर्स कपच्या कितीतरी आधीपासून. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने तो वीसहून अधिक वेळा नेला आहे. मात्र मुंबई किंवा पुणे विद्यापीठाचा संघ शेकडो संलग्न कॉलेजांतून निवडला जातो, आणि इथला संघ एकाच आवारातल्या मुलांचा असतो. त्यामुळे या दोन तक्त्यांची थेट तुलना करू नये.

देशाच्या तक्त्यापेक्षा मला कॉन्फरन्सचा तक्ता अधिक विश्वासाचा वाटतो, त्याला कारण आहे. राष्ट्रीय स्पर्धेत पोचलेल्या संघालाच तिथे गुण मिळतात, बाकीच्यांना शून्य. कॉन्फरन्समध्ये पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला जागा असते. सहाव्या क्रमांकावरून चौथ्यावर आलेला संघ तिथे दिसतो. प्रशिक्षकाची तीन-चार वर्षांची मेहनत बहुतेक वेळा अशाच दोन पायऱ्यांत असते. म्हणून हा तक्ता मला महत्त्वाचा वाटतो.

पण तोही नीट मांडावा लागतो. समजा, एका कॉन्फरन्समध्ये दहा कॉलेजं आहेत. प्रत्येक खेळात पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, शेवटच्याला १. एका कॉलेजचे २४ संघ आहेत आणि त्याची सरासरी ६ गुणांची आहे, बेरीज १४४. दुसऱ्याचे १६ संघ, सरासरी ८, बेरीज १२८. बेरीज धरली तर पहिलं कॉलेज जिंकतं, सरासरी धरली तर दुसरं. तुम्ही म्हणाल, मग सरासरीच बरी, निदान श्रीमंत कॉलेज नुसत्या संख्येवर जिंकणार नाही. मलाही बराच काळ तो युक्तिवाद पटत असे. आता पुढे चला. दुसऱ्या कॉलेजने आपले सर्वांत दुबळे दोन संघ, समजा प्रत्येकी २ गुण मिळवणारे, बंद केले. बेरीज १२४, संघ १४, सरासरी ८.८६. कुणी एक सामना जास्त जिंकला नाही, तीस-चाळीस मुलांचा खेळ सुटला, आणि तक्त्यात कॉलेज वर गेलं. उलट पहिल्या कॉलेजने मुलींचा नवा संघ सुरू केला आणि पहिल्या वर्षी तो शेवटचा आला, तर बेरीज १४५ होते, पण सरासरी ६ वरून ५.८ वर घसरते. नवा संघ उभा करणाऱ्याला शिक्षा आणि जुना मोडणाऱ्याला बक्षीस. ज्या मोजमापात असं होतं ते मी मान्य करू शकत नाही.

दुसरा प्रश्न खेळणाऱ्यांच्या संख्येचा. बिग टेनमध्ये बास्केटबॉल १८ कॉलेजं खेळतात. पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स पाचच: इलिनॉय, मिशिगन, नेब्रास्का, ओहायो स्टेट आणि पेन स्टेट. पूर्वी सात होती. आयोवा आणि मिनेसोटा यांनी २०२०-२१ च्या हंगामानंतर आपले संघ बंद केले. पाचांत पहिलं येणं आणि अठरांत पहिलं येणं यांना सारखेच गुण द्यायचे का? काही जण म्हणतात, जितके संघ तितके गुण द्या, पाचांत पहिल्याला ५. हिशेबाला ते बरं दिसतं, पण मग जिम्नॅस्टिक्स टिकवून धरणाऱ्या पाच कॉलेजांचा मोबदला नेमका त्या खेळाला घरघर लागते तेव्हाच कमी होतो. मला वाटतं, विजेत्याला पूर्ण गुण द्यावेत आणि शेजारी किती संघ होते ते छापावं. वाचणाऱ्याला अक्कल असते.

तिसरी अडचण गटांच्या सीमांची. एसईसी पुरुषांचं सॉकर भरवतच नाही. साउथ कॅरोलायना आणि केंटकी यांचे सॉकर संघ आहेत, चांगले आहेत, पण ते सन बेल्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात. एसईसीच्या सर्व खेळांच्या तक्त्यात त्या मुलांचं काम शून्य. नोत्र दामचे बहुतेक संघ एसीसी या कॉन्फरन्समध्ये, पुरुषांचं आइस हॉकी बिग टेनमध्ये, आणि फुटबॉल कुणाच्याच गटात नाही. अशा कॉलेजला एका तक्त्यात बसवायचं कसं? बसवता येत नाही, एवढंच खरं उत्तर आहे.

मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने एक गोष्ट चांगली केली आहे. तिथे पुरुषांच्या एकूण कामगिरीला रीज ट्रॉफी आणि महिलांच्या कामगिरीला जॅकोबी ट्रॉफी, असे दोन वेगळे करंडक आहेत. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर मुलींना समान संधी देणं बंधनकारक झालं. फुटबॉलचा संघ शंभरभर मुलांचा, त्याचा तोल सांभाळायला मुलींचे संघ जास्त ठेवावे लागतात. बेरजेत हे दोन्ही एकत्र केलं की पुरुषांच्या बाजूची दुर्बळता मुलींच्या यशाआड लपते, किंवा उलट. वेगळं मोजलं की लपत नाही.

सर्वांत न्याय्य तुलना कुठे होते असं विचाराल तर माझं उत्तर आयव्ही लीग. आठ कॉलेजं, १९५४ च्या कराराने बांधलेली, खेळासाठी शिष्यवृत्ती कुणीच देत नाही, आणि सगळ्यांचेच संघ भरपूर. हार्वर्डचे तर ४२. फुटबॉलमध्ये प्रत्येकजण बाकीच्या सातांशी खेळतो. बास्केटबॉलमध्ये प्रत्येकाशी दोनदा, असे चौदा सामने. २०१७ पासून शेवटी चार संघांची स्पर्धा सुरू झाली आणि एनसीएएची जागा तिच्या विजेत्याला जाते, पण चौदा सामन्यांत अव्वल आलेल्याला आयव्हीचा विजेता म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. मला हे फार आवडतं. सगळे सगळ्यांशी खेळले असतील तरच क्रमवारीला अर्थ आहे. अठरा कॉलेजांच्या बिग टेनमध्ये फुटबॉलचे नऊ सामने होतात. म्हणजे जवळजवळ निम्म्या गटाशी गाठच पडत नाही, आणि तरी पहिला ते अठरावा असे क्रमांक लावले जातात. आयव्हीचा सर्व खेळांचा तक्ता अनौपचारिक आहे, करंडक वगैरे नाही. गेल्या सुमारे चार दशकांत बहुतेक वर्षी तिथे प्रिन्स्टन वर राहिलं आहे, आणि त्या आघाडीवर शंका घ्यायला फारशी जागा नाही, कारण इतर सातजणही बहुतेक तेच खेळ, त्याच नियमांनी खेळत होते.

आता स्टॅनफर्डकडे परत येतो. ८ जुलै २०२० रोजी स्टॅनफर्डने जाहीर केलं की ३६ पैकी ११ संघ बंद होणार. पुरुष आणि महिला तलवारबाजी, मुलींची हॉकी, पुरुषांचं व्हॉलीबॉल, कुस्ती, पुरुषांचं रोइंग, हलक्या वजनगटाचं रोइंग, शिडाच्या होड्यांचे दोन संघ, स्क्वॉश, आर्टिस्टिक पोहणं. खर्च परवडत नाही हे कारण. ती यादी डायरेक्टर्स कपच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहा. रोइंगचे ते दोन, होड्यांचे दोन, स्क्वॉश आणि आर्टिस्टिक पोहणं, या सहांना एनसीएएचं विजेतेपदच नाही, म्हणून कपमध्ये त्यांचे गुण शून्य. उरले २५ संघ, आणि कपला लागतात १९. त्या तक्त्यावरून पाहिलं तर स्टॅनफर्डचं फारसं काही बिघडत नव्हतं. निर्णय तक्ता बघून घेतला असं मी म्हणत नाही. पण अकरा संघ जातात आणि ‘एकूण यशा’चं देशातलं सर्वांत मानाचं मोजमाप जेमतेम हलतं, यातच त्या मोजमापाचा दोष उघडा पडतो.

मार्च २०२१ मध्ये सेंट लुईसला राष्ट्रीय कुस्ती स्पर्धा झाली. १६५ पौंड गटात स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ उतरला तो साध्या काळ्या पोशाखात, छातीवर कॉलेजचं नाव नाही. आणि तो जिंकला. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या मातीत वाढलेल्या माणसाला ती कुस्ती कशी वाटली असेल ते वेगळं सांगायला नको. तोवर माजी खेळाडूंनी पैसे उभे केले होते, पुढे खटले दाखल झाले, आणि मे महिन्यात विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. अकराही संघ राहिले.

त्यानंतर परिस्थिती आणखी अवघड झाली आहे. ‘कॉन्फरन्स ऑफ चॅम्पियन्स’ म्हणवणारी पॅक-१२ २०२४ मध्ये फुटली. बारापैकी दहा कॉलेजं निघून गेली. स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीमध्ये गेली. व्हॉलीबॉलच्या मुलींना आता साध्या साखळी सामन्यासाठी नॉर्थ कॅरोलायनापर्यंत उडावं लागतं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीमुळे कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. खेळाडूंना मोबदला मिळतो हे योग्यच आहे, ते फार आधी व्हायला हवं होतं. पण मोठ्या कॉलेजांत त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, आणि ताण पोहणं, टेनिस, जिम्नॅस्टिक्स यांच्यावर येतो. आयव्हीच्या आठही कॉलेजांनी या व्यवस्थेत न जाण्याचं ठरवलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कॉन्फरन्सने वर्षाअखेर जो तक्ता काढायचा त्यात पुरुष आणि महिला वेगळे असावेत, शेवटचा क्रमांकही छापलेला असावा, प्रत्येक खेळात किती संघ होते ते लिहावं, आणि कॉलेजने गेल्या दहा वर्षांत बंद केलेल्या प्रत्येक संघापुढे, तो खेळ कॉन्फरन्समध्ये सुरू आहे तोवर, शून्य लिहून ते सरासरीत धरावं. एवढं केलं तर संघ बंद करून कुणालाही वर जाता येणार नाही. तो तक्ता निघेपर्यंत आपल्यापैकी ज्यांची मुलं पुढच्या वर्षी प्रशिक्षकांना भेटायला जाणार आहेत, त्यांनी शिष्यवृत्तीचा प्रश्न विचारण्याआधी हा विचारावा: इथे गेल्या दहा वर्षांत कुठले संघ बंद झाले, आणि माझ्या मुलीचा खेळ तिची चार वर्षं पूर्ण होईपर्यंत राहील हे तुम्ही लेखी द्याल का?