बारा मीटर, पाच बोल्ट

[दृश्य: कड्याच्या पोटातला अरुंद कट्टा. दोन आरोहक दोर मोकळा करताहेत.]

हा मार्ग उणापुरा १२ मीटरचा. पाच बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला खडकात पक्के बसवलेले खिळे, माथ्यावर साखळीचा अँकर, की संपला. सिंगल पिच म्हणजे एकाच दोरावर वर जायचं आणि त्याच दोरावर खाली उतरायचं. ६० मीटरच्या दोरात ३० मीटरपर्यंतचा मार्ग बसतो, त्यामुळे आज निम्म्याहून जास्त दोर पिशवीतच राहणार आहे.

पण हा मार्ग जमिनीवरून सुरू होत नाही. तो सुरू होतो या कट्ट्यावरून. दोन माणसं एकमेकांना चुकवून कशीबशी उभी राहतील एवढीच त्याची रुंदी. त्याच्या कडेपलीकडे थेट दरी.

आखूड म्हणजे सोपा, असा हिशेब या खेळात चालत नाही. वोल्फगांग ग्युलिश यांनी १९९१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकेनयुरात चढलेला ‘अ‍ॅक्शन डिरेक्ट’ जेमतेम १५ मीटरचा, आणि पुढे कित्येक वर्षं तो जगातल्या सर्वांत अवघड मार्गांत गणला गेला. आपला मार्ग त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. इथे खोबणी बऱ्या आहेत, पकड हातात येते. इथली अडचण आहे दृष्टिभयाची, खाली दरी दिसली की वाटणाऱ्या भीतीची.

[दृश्य: गाठीवर कॅमेरा. दोघांच्या कंबरेला हार्नेसचे पट्टे. ती चढणार आहे; तो कट्ट्यावरून दोर सांभाळणार आहे, दोर अडवणाऱ्या डिव्हाइसमधून.]

“गाठ?”
“बघ तूच. तुझं डिव्हाइस?”
“लॉक आहे. दोराचं टोक माझ्या हार्नेसला बांधलंय.”

तो स्वतः कट्ट्यावरच्या बोल्टला बांधून घेतो. सपाट मैदानात बिलेअर, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, मोकळा उभा राहतो आणि पडणाऱ्याबरोबर थोडा उचलला जातो, त्याने झटका सौम्य होतो. इथे ती चैन नाही. ती कट्टा चुकवून दरीच्या बाजूला पडली, तर झटका त्यालाही कडेपलीकडे ओढेल.

पहिला बोल्ट ३ मीटरवर. तिथवर दोराचा काही उपयोग नाही, म्हणून लांब काठीने तो खालूनच क्लिप केलाय, म्हणजे दोर त्यात अडकवलाय. काही जण याला लबाडी म्हणतात. म्हणोत बापडे.

[दृश्य: दुसरा बोल्ट खाली गेलाय. तिसरा तिच्या डोक्याच्या वर.]

आता नीट बघा. या चढाईतली सर्वांत धोक्याची जागा हीच आहे, आणि गंमत म्हणजे इथे कुणाला फारशी भीती वाटत नाही. कट्टा जवळ दिसतो, बिलेअरचा चेहरा दिसतो, मनाला आधार वाटतो. खरा धोका त्या कट्ट्याचाच आहे.

दुसरा बोल्ट साडेचार मीटरवर, तिसरा सहावर. तिची कंबर आहे ५.२ मीटरवर. हात ताणून तिसरा बोल्ट गाठण्यासाठी ती दोर वर ओढेल, तेव्हा दुसऱ्या बोल्टपासून तिच्यापर्यंत २.३ मीटर दोर बाहेर असेल. नेमका त्या क्षणी हात सुटला, तर कंबर येईल कट्ट्यापासून २.२ मीटरवर. त्याखाली मीटरभर पाय. उरलेलं अंतर दोराच्या ताणात आणि थोड्याशा ढिलाईत केव्हाच संपतं. आता हाच बोल्ट कंबरेच्या पातळीला आणून क्लिप केला, तर बाहेर दोर फक्त दीड मीटर, आणि कंबर अडते तीन मीटरवर.

दोन चाली आणखी चढून मग क्लिप करणं मनाला पटत नाही, कारण बोल्ट समोर दिसत असतो आणि हात त्याच्याकडे आपोआप जातो.

ती थांबते. उजवा पाय वर घेते, पुन्हा वर घेते. मग दोर ओढते. खट्.

[दृश्य: मार्ग डावीकडे धारेवर वळतो. पायाखाली कट्टा नाही, दरी आहे.]

इथून चित्र उलटतं. कट्टा बाजूला राहतो आणि पाय खुपसायची जागा बघायला मान खाली घातली की नजर सरळ दरीत जाते. पडलीच तरी आता आदळायला खाली काही नाही. दोर आहे आणि मोकळी हवा आहे. तरीही तिचा डावा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागतो. लागतं त्याच्या दुप्पट जोराने ती खोबणी आवळते. घट्ट आवळलेल्या स्नायूंत रक्त नीट फिरत नाही, बाहू दगडासारखे होतात, बोटं उघडतात. खडकापेक्षा या आवळण्यानेच माणसं जास्त पडतात, असं माझं मत.

धारेवर काळजी घ्यायची ती दोराची. पडून झोका बसला आणि ताणलेला दोर धारदार कडेवर घासला, तर नवा दोरही कापू शकतो. म्हणून चौथ्या बोल्टला लांब क्विकड्रॉ, म्हणजे बोल्ट आणि दोर जोडणारा दोन हुकांचा पट्टा, लावलाय. त्याने दोर कडेपासून दूर राहतो.

“टेक!”

तो दोर आवळतो. ती लटकून बसते, हात खाली सोडून झटकते.

चढाई अडली नाही, पण आजची खेप रेडपॉइंट धरली जाणार नाही. कुर्ट आल्बर्ट यांनी १९७५ च्या सुमारास याच फ्रँकेनयुरात, दोरावर न लटकता पूर्ण चढलेल्या मार्गाच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायला सुरुवात केली. पुढे तोच या खेळाचा मापदंड झाला. ती बसली, म्हणजे पुन्हा खालून.

पाचवा बोल्ट, मग साखळी. वारा एवढा, की खाली काही ऐकू जात नाही. म्हणूनच ‘वर गेल्यावर मी दोरातून सुटणार नाही, तूच मला लोअर कर, दोर सोडत खाली उतरव’ हे दोघांनी निघण्याआधीच ठरवून ठेवलंय. हे न ठरवल्यामुळे, एकाने दोर सोडला आणि दुसऱ्याला वाटलं धरलाय, अशा गोंधळात अपघात होतात.

ती अँकरला स्वतःचे दोन क्विकड्रॉ लावते, दोर त्यांतून घेते आणि उतरू लागते. दोर अजून साखळीच्या कड्यांतून ओवलेला नाही, कारण आता तो चढणार आहे, मग पुन्हा ती. दर फेरीला दोर कड्यांवर घासला तर कडी झिजतात, आणि ती बदलायला कुणाला तरी इथवर यावं लागतं.

सगळ्यांत शेवटी जो वर जाईल, त्याने आधी स्वतःला स्लिंगच्या पट्ट्याने अँकरला बांधायचं. मग दोराची घडी कड्यांतून ओवायची, तिला आठची गाठ मारून लॉकवाल्या कॅराबिनरच्या हुकाने हार्नेसला अडकवायची आणि बिलेअरकडून दोर आवळून घ्यायचा. नव्या गाठीवर वजन टाकून बघितल्याशिवाय जुनी गाठ सोडायची नाही.