गाणं गाळायलास का?

मंडळी, आयोजकांनी मला विषय दिला तो गाजलेल्या कादंबऱ्या आणि त्यांच्यावरच्या सिनेमांचा. ‘पुस्तकाची सर सिनेमाला नाही’ एवढं म्हणून मला टाळ्या घेता आल्या असत्या. वाचनालयातच बोलतोय, तुम्ही दिल्याही असत्या. पण या विषयाचे दोन पक्ष माझ्या घरातच होते, त्यामुळं तसं बोलायला जीभ रेटत नाही.

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात. वडील निजामाच्या अमदानीत शिकले, म्हणजे उर्दूत. मराठी ते अक्षर लावत लावत वाचत. आई तर शाळेची पायरीच चढली नाही. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरली की तंबूतली टॉकीज यायची. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला बाप्ये, खाली धोंडे आणि वर गळकं कापड. तिथं आईनं अत्र्यांचा ‘श्यामची आई’ पाहिला. सिनेमा १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. आमच्या जत्रेत पोचेपर्यंत त्याला दहा-बारा वर्षं लागली. पदकाचं आईला काय! ती वनमालाबाईंना पाहून रडली आणि पुढं वर्षभर जात्यावर, विहिरीवर तो सिनेमा बायांना सांगत राहिली.

मी नववी-दहावीत आलो तेव्हा चार बुकं शिकल्याची घमेंड होती. म्हटलं, हिला खरं पुस्तक ऐकवावं. रोज जेवणानंतर एक ‘रात्र’, म्हणजे पुस्तकातलं एक प्रकरण, वाचायची. अळणी भाजीची रात्र झाली, पोहायला पाठवते ती झाली. आठवडाभरानं आईनं मला थांबवलं आणि विचारलं, “गाणं कुठंय रे? गाळायलास का?”

‘छडी लागे छमछम’ साने गुरुजींचं नव्हेच, ते अत्र्यांनी सिनेमासाठी लिहिलं, हे मी तिला समजावून सांगितलं. तिला काही ते पटलं नाही. पोरगं वाचायचा कंटाळा करायलंय, असाच तिचा चेहरा.

मला कित्येक वर्षं त्याचा राग होता. पुस्तकात काय आहे बघा. श्याम मोठा झालेला आहे, आई कधीच गेलेली आहे आणि तो रात्रीमागून रात्र मित्रांना ती सांगतो आहे. आई आपल्याला भेटते ती पोरक्या मुलाच्या तोंडून. प्रत्येक रात्रीच्या तळाशी ती नसणं आहे. पडद्यावर मात्र आई दिसते, चालते, बोलते. तिचं दिसणं इतकं पक्कं होऊन बसतं की पुस्तक उघडलं तरी वनमालाबाईच येतात. अजूनही येतात. ही चोरीच आहे, असं मी वर्गात सांगायचो.

आणि घरी आल्यावर गप्प बसायचो. कारण तो तंबू नसता तर माझ्या आईला श्याम माहीतच झाला नसता.

दुसरं सांगतो, ते जास्त जिव्हारी लागणारं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये पडद्यावर आणली. मास्तरची भूमिका चंद्रकांत कुलकर्णींनी केली, आपल्या औरंगाबादच्या रंगभूमीवरून गेलेला माणूस. कादंबरी माणदेशाची, पण शेवटी दुष्काळात वाडी उठते, एकेक घर रिकामं होतं, ते बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सिनेमा मला आवडला. माळरान कॅमेऱ्याला फार चांगलं दिसतं. तरी कादंबरीत माडगूळकर जे दोन ओळींत उरकतात आणि पुढं निघून जातात, ते उरकणं पडद्यावर कसं आणणार? तिथं थांबून दाखवावंच लागतं.

‘शाळा’चंही तसंच. मुकुंदा जोशी मनातल्या मनात मोठ्या माणसांची जी टिंगल करतो तिच्यावर मिलिंद बोकिलांची अख्खी कादंबरी उभी आहे. सिनेमात पोरं गोड आहेत, टिंगल पातळ झाली. ‘दुनियादारी’वर मी बोलत नाही, सुहास शिरवळकरांचे जुने वाचक इथं बसलेले दिसतायत, भांडण लागेल.

पण कधी कधी सिनेमा पुस्तकाला काही देऊनही जातो. ‘जैत रे जैत’ ही गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची, ठाकर आदिवासींवरची कादंबरी. १९७७ मध्ये जब्बार पटेलांनी तिचा सिनेमा केला आणि गाणी लिहिली ना. धों. महानोरांनी. महानोर पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या अंगाचे. तिकडं कोकणाकडच्या डोंगरातला ढोल आणि इकडच्या ज्वारीच्या रानातला कवी! चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. आज ‘मी रात टाकली’ कानात नसताना ती कादंबरी मला वाचताच येत नाही. ही पण चोरीच, पण हिची तक्रार करावीशी वाटत नाही. गाणी आपल्या माणसाची म्हणून मी पक्षपात करतो, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

आता आपली, मराठवाड्याची गोष्ट. मराठी सिनेमातला खेडूत कुठल्याही जिल्ह्यातला असो, बोलतो बहुतेक कोल्हापूर-साताऱ्याचं. स्टुडिओ कोल्हापुरात होते, तमाशापट तिथं निघाले, तीच ‘गावाकडची भाषा’ ठरली. आपलं ‘जायलो’, ‘करायलो’ मकरंद अनासपुरेंनी पडद्यावर रुळवलं, त्याचा आनंदच आहे. पण लोक ते ऐकले की आधी हसतात, ऐकतात मागून.

म्हणून रा. रं. बोराडेंच्या ‘पाचोळा’चा सिनेमा कुणी करायचं म्हटलं तर माझ्या पोटात गोळा येईल. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत कॅमेरा दाखवील हो. मशीन दाखवील, पोरगा दाखवील. पण ती कादंबरी म्हणजे त्याच्या बायकोचं, पार्बतीचं बोलणं आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आपल्या बोलीत. ते बोलणं काढून घेतलं तर राहिलं काय? आणि ठेवलं, तर पुण्या-मुंबईच्या थेटरात पहिल्या वाक्याला हशा येईल. पार्बतीला हसलेलं मला सहन व्हायचं नाही.

‘पाचोळा’ मी आईला वाचून दाखवला होता, फार उशिरा, तिच्या म्हातारपणी. ती डाळ निवडत बसली होती. या वेळी गाण्याचं काही विचारलं नाही. मी पाणी प्यायला थांबलो तर म्हणाली, “थांबलास कशाला? वाच की पुढं, लाईट जायच्या आत.”