‘पास्ट लाइव्ज’मध्ये काहीच घडत नाही का?

नमस्कार मंडळी! सांगलीतून तुमचं मनापासून स्वागत.

आज बोलूया ‘पास्ट लाइव्ज’बद्दल. २०२३ चा सिनेमा, दिग्दर्शिका सेलीन साँग. तिचा हा पहिलाच सिनेमा आणि थेट ऑस्करला दोन नामांकनं: सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि मूळ पटकथा.

गोष्ट एवढीशी आहे. सोलमधली १२ वर्षांची ना यंग आई-वडिलांबरोबर कॅनडाला जाते. तिच्या वर्गातला ‘हे संग’ नावाचा मुलगा मागं राहतो. १२ वर्षांनी स्काइपवर गाठ पडते आणि तुटते. आणखी १२ वर्षांनी तो न्यूयॉर्कला येतो, तेव्हा ती नोरा झालेली असते आणि तिचं लग्नही झालेलं असतं.

मग घडतं काय? सुरुवातीचा एक शॉट नीट बघा. शाळा सुटल्यावर दोघं शेवटचं बरोबर घरी चाललेत. रस्त्याला फाटा फुटतो. तो सपाट गल्लीनं सरळ जातो, ती पायऱ्या चढून वर. निरोप जेमतेम!

आपल्या विटा-आटपाडीकडच्या माणसाला हा शॉट समजावून सांगावा लागत नाही. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी घरंच्या घरं परमुलखात गेली. उन्हाळ्याची सुट्टी संपते, शाळा भरते आणि शेजारच्या बाकावरचं पोरगं आलेलंच नसतं. म्हणून मला ही प्रेमकथा नंतर वाटते, आधी ही गाव सोडणाऱ्याची आणि गावात राहणाऱ्याची गोष्ट वाटते. हे संग जिला शोधत आलाय ती ना यंग सोलमध्येच राहिली.

आणि तिचा नवरा, आर्थर! एखाद्यानं त्याला खलनायक केला असता. इथं तो रात्री अंथरुणात बायकोला सांगतो, की तू झोपेत बोलतेस ते फक्त कोरियनमध्ये. तिच्या मनाचा एक कोपरा आपल्याला कधीच कळणार नाही, ही भीती तो आरडाओरडा न करता बोलून दाखवतो. अख्ख्या सिनेमात मला सगळ्यात जास्त भिडलेला प्रसंग हाच.

एक तक्रार मात्र आहे. नोराचं जग भरलेलं दिसतं, हे संगचं नाही. लष्करी सेवा, मित्रांबरोबर पिणं, त्यापलीकडं तो कसा जगतो हे फारसं कळत नाही. राहणाऱ्याची बाजू अजून दाखवायला हवी होती.

तरी पाचपैकी चार. शेवटी दोघं गाडीची वाट बघत नुसते उभे राहतात, तिथं फॉरवर्ड करू नका. आधीचा पाऊणेदोन तासांचा सिनेमा त्या उभं राहण्यासाठीच रचलाय.