चेंडू जमिनीला टेकल्यानंतर

(दृश्य : शिनेकॉक हिल्सचे मैदान, उंचावरून. कॅमेरा सावकाश सातव्या होलच्या ग्रीनकडे उतरतो.)

जून 2004. अमेरिकेतील लाँग आयलंडवरच्या शिनेकॉक हिल्स या मैदानावर यूएस ओपन या गोल्फ स्पर्धेची अंतिम फेरी सुरू होती. सातव्या होलच्या (मैदानाच्या सातव्या टप्प्याच्या) ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या आखूड कापलेल्या हिरवळीवर, चांगले मारलेले चेंडूही थांबत नव्हते. ते टेकत, घरंगळत आणि ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावर जात. अखेर संयोजकांनी एक जोडी खेळून पुढे गेली की दुसरी येण्याआधी त्या ग्रीनवर पाणी शिंपडण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे सुरुवातीच्या जोड्यांनी जो होल खेळला, तो नंतर आलेल्यांच्या वाट्याला आलाच नाही. नकाशा तोच होता, उतार तेच होते, टीपासूनचे, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेपासूनचे, अंतरही तेच होते. बदलला होता तो केवळ जमिनीच्या वरच्या थरातील ओलावा.

गोल्फचे मैदान दोन प्रकारची माणसे घडवतात. आराखडाकार मैदान आखतो, ते तयार होईपर्यंत थांबतो आणि पुढच्या कामाकडे निघून जातो; हिरवळीची देखभाल करणारा ग्रीनकीपर मात्र रोज पहाटे तेथे येतो. मैदानाशी नाव जोडले जाते ते आराखडाकाराचे. खेळाडूला प्रत्यक्ष मिळणारा अनुभव मात्र फार मोठ्या प्रमाणात ग्रीनकीपरच्या हाती असतो, कारण चेंडू जमिनीला टेकल्यानंतर काय व्हावे हे आराखडा सुचवतो आणि काय होईल हे गवताची जात, त्याची उंची, मुळांची खोली आणि मातीतील पाणी यांवर ठरते. आमच्या मते, हिरवळीचा विचार बाजूला ठेवून मैदानाच्या रचनेचे कौतुक करणे हे अर्धेच कौतुक आहे.

शिनेकॉकचा तो सातवा होल ज्या पद्धतीचा आहे, तिला रेडान म्हणतात. मूळ रेडान म्हणजे स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिक येथील पंधरावा होल. त्याचे ग्रीन खेळाडूच्या समोर तिरपे पसरलेले असून उजवीकडून डावीकडे आणि पुढून मागे उतरत जाते. डाव्या अंगाला, ग्रीनच्या पुढे, खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, आहे. छिद्राची जागा दाखवणारा झेंडा त्या बंकरच्या आड असताना थेट त्याच्यावर नेम धरणे धोक्याचे असते. ज्याला जमीन वाचता येते तो चेंडू उजव्या बाजूच्या उंचवट्यावर टेकवतो आणि पुढचे काम उतारावर सोपवतो. अमेरिकन आराखडाकार चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्ड याने ही कल्पना 1911 मध्ये खुल्या झालेल्या नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका या आपल्या मैदानावर वापरली, आणि त्यानंतर रेडानच्या आवृत्त्या अनेक देशांत झाल्या.

आता या रचनेत हिरवळ काय करते ते पाहावे. उजवीकडचा उंचवटा पाणी पिऊन मऊ झालेला असेल, तर चेंडू पडल्या जागीच रुततो आणि उताराला करण्यासारखे काही उरत नाही. मग उंच मारून थेट झेंड्यापाशी चेंडू थांबवणारा खेळाडू जिंकतो, आणि जमिनीचा उपयोग करून घेणाऱ्याची अक्कल वाया जाते. उलट तीच जमीन मर्यादेपलीकडे वाळली, तर 2004 मध्ये घडले तसे कोणाचेच काही चालत नाही. रेडानला अर्थ असतो तो या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात, आणि त्या पट्ट्यात जमीन टिकवून धरणे हे कोणत्याही आराखड्यावर रेखाटता येत नाही.

(दृश्य : सेंट अँड्र्यूज. वाऱ्याने झुकलेले उंच गवत, रुंद फेअरवे, दूरवर गाव.)

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स हे मैदान कोणा एका माणसाने आखलेले नाही. समुद्र मागे हटल्यावर उरलेली वाळूची जमीन, वाऱ्याने रचलेले उंचवटे, जनावरांनी चरून आखूड केलेले गवत आणि पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलेल्यांच्या वाटा यांतून ते घडत गेले. 1764 मध्ये येथील 22 होलची फेरी 18 होलची झाली आणि पुढे तोच आकडा जगभर रुळला. येथे फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधल्या आखूड गवताच्या पट्ट्या, इतके रुंद आहेत की नवख्याला मैदान सोपे वाटते. चेंडू हरवण्याची भीती खरोखरच कमी असते. प्रश्न उभा राहतो तो पुढचा फटका कोठून मारायचा हा. सतराव्या होलचे ग्रीन अरुंद आणि तिरपे आहे, त्याच्या पुढे एक लहानसा पण खोल बंकर आहे आणि पाठीमागे रस्ता आहे. पहिल्या फटक्यात उजवीकडून, हॉटेलच्या आवाराच्या कोपऱ्यावरून चेंडू नेण्याचे धाडस करणाऱ्याला पुढे ग्रीनची लांबी मिळते. डावीकडे सुरक्षित राहणाऱ्याला तो बंकर ओलांडून ग्रीनच्या अरुंद बाजूवर चेंडू थांबवावा लागतो आणि मागचा रस्ता त्याची वाटच पाहत असतो.

या कोनांना किंमत आहे ती जमीन टणक आहे म्हणून. मऊ जमिनीवर चेंडू कोठूनही मारला तरी तो थांबतो, आणि मग डावे काय, उजवे काय. ही गोष्ट टॉम मॉरिस यांना नेमकी ठाऊक होती. 1860 च्या दशकाच्या मध्यापासून 1903 पर्यंत त्यांनी ओल्ड कोर्सची देखभाल केली. ग्रीनवर वाळूचा पातळ थर पुन्हा पुन्हा पसरण्याची जी पद्धत त्यांच्या नावाशी जोडली जाते, ती आजही जगातील प्रत्येक चांगल्या मैदानावर चालू आहे. वाळूमुळे पृष्ठभाग सपाट होतो, पाणी खाली उतरते आणि गवताच्या बुडाशी साचणारा मेलेल्या काड्यामुळ्यांचा थर विरळ होतो. हा थर, ज्याला ग्रीनकीपर थॅच म्हणतात, जाड झाला की पाणी धरून ठेवतो, रोगांना आसरा देतो आणि ग्रीन पायाखाली दबू लागते.

आराखडाकार ॲलिस्टर मॅकेंझी हे शिक्षणाने डॉक्टर होते आणि बोअर युद्धात त्यांनी शल्यचिकित्सक म्हणून काम केले होते. बोअर सैनिक भूप्रदेशाशी एकरूप होऊन कसे लपतात हे त्यांनी तेथे पाहिले, आणि पुढे माणसाने उभारलेला उंचवटा निसर्गाचाच वाटावा या आग्रहात ते निरीक्षण कामी आले. गोल्फपटू बॉबी जोन्स यांच्यासह त्यांनी आखलेले अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे मैदान 1933 मध्ये खुले झाले. मोकळे फेअरवे, मोजके बंकर आणि खेळाडूच्या निर्णयाची खरी कसोटी पाहणारी मोठी, वळणावळणाची ग्रीन हे त्याचे मूळ रूप. तेथील ग्रीनवर आरंभी बर्म्युडा गवत होते. तेथेच होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या 1981 च्या खेपेपर्यंत त्या जागी बेंटग्रास आले. हे गवत अधिक बारीक आणि अधिक गुळगुळीत असल्याने, ज्या उतारांवर पूर्वी चेंडू अडखळत थांबे, त्याच उतारांवर तो आता वाहत जाऊ लागला. याला केवळ देखभालीतील सुधारणा म्हणणे आम्हाला पटत नाही. तो त्या मैदानाच्या रचनेतीलच बदल होता.

(दृश्य : ग्रीनचा उभा छेद. वर गवत, खाली वाळूचा थर, त्याखाली खडी आणि निचऱ्याची नळी.)

खेळाडूला जे कधीच दिसत नाही, ते हे आहे. अमेरिकन गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, 1960 मध्ये ग्रीन बांधण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली आणि अनेक सुधारणांनंतर तिचा गाभा आजही तोच आहे. वर सुमारे 30 सेंटिमीटर जाडीचा वाळूप्रधान मिश्रणाचा थर, त्याखाली सुमारे 10 सेंटिमीटर बारीक खडी आणि तळाशी पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. बारीक वाळूखाली जाडी खडी ठेवली की पाणी झपाट्याने निघून जाईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाळूच्या कणांमधील अरुंद पोकळ्या पाण्याला धरून ठेवतात आणि खडीतील मोठ्या पोकळ्या ते ओढून घेऊ शकत नाहीत. भिजलेल्या स्पंजातून पाणी आपोआप निथळून संपत नाही, तसेच हे. त्यामुळे कोरड्या दिवशी मुळांसाठी तळाशी ओल राहते, आणि जोराचा पाऊस पडून वाळूचा तळ पूर्ण भरला की जास्तीचे पाणी खडीत उतरून निघून जाते. एकाच रचनेत साठा आणि निचरा या दोन्ही गोष्टी साधणारी ही कल्पना आम्हाला गोल्फमधील सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

या थरावर कोणते गवत वाढवायचे हे हवामान ठरवते. थंड प्रदेशातील बेंटग्रासला उन्हाळा सोसत नाही. माती तापली की त्याची मुळे आखूड होतात आणि नेमके त्याच वेळी खेळाडूंची वर्दळ वाढलेली असते. उष्ण प्रदेशात हरळीच्या कुळातील बर्म्युडा गवत उपयोगी पडते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी त्याचे संकर तयार केले. 1956 मध्ये टिफग्रीन आणि 1965 मध्ये टिफड्वार्फ ही वाणे आली आणि उष्ण प्रदेशांतही आखूड कापता येतील अशी ग्रीन शक्य झाली. बर्म्युडाची पाती एका दिशेला झुकून वाढतात. त्या दिशेने मारलेला चेंडू लांब जातो, उलट दिशेने मारलेला लवकर थांबतो, आणि आडव्या दिशेचा डोळ्यांना न दिसणाऱ्या वळणाने सरकतो. म्हणून अशा ग्रीनवर अनुभवी खेळाडू उताराबरोबर गवताची चमकही पाहतो : पाती आपल्यापासून दूर झुकलेली असतील तर ग्रीन उजळ दिसते, आपल्याकडे झुकलेली असतील तर गडद.

आणि मग वेगाचा प्रश्न येतो. ओकमाँट येथील 1935 च्या यूएस ओपननंतर एडवर्ड स्टिम्पसन या हौशी खेळाडूने ग्रीनचा वेग मोजण्याचे एक साधन तयार केले. खाचेत ठेवलेला चेंडू पट्टी उचलताच ठरावीक वेगाने सुटतो, आणि सपाट ग्रीनवर तो किती फूट जातो हे मोजले जाते. 1970 च्या दशकात यूएसजीएने त्याची सुधारित आवृत्ती क्लबांना उपलब्ध करून दिली. एकाच मैदानावरील सर्व ग्रीन सारख्या वेगाची आहेत का, हे तपासणे हा हेतू होता. दुर्दैवाने तो आकडा क्लबांच्या प्रतिष्ठेचा झाला. जास्त वेगासाठी गवत 3 मिलिमीटर किंवा त्याहूनही खाली कापले जाते. पानाचे क्षेत्र घटले की वनस्पतीला अन्न कमी मिळते, मुळे वर राहतात आणि उन्हाचा एक कडक आठवडाही तिला मारायला पुरेसा होतो. त्याहून मोठे नुकसान रचनेचे होते. संथ ग्रीनवर ज्या उतारावर छिद्र पाडता येते, त्याच उतारावर वेगवान ग्रीनवरचा चेंडू थांबत नाही. मग छिद्रासाठी वापरण्याजोग्या जागा उरतात थोड्या, सगळी पावले त्याच जागा तुडवतात, आणि शेवटी जुन्या आराखडाकाराने विचारपूर्वक घडवलेले उतार सपाट करण्याची मागणी पुढे येते. वेगाच्या हव्यासापायी ग्रीनचे चढउतार पुसून टाकणे ही या खेळाची न भरून येणारी हानी आहे, असे आम्हाला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते.

ग्रीनमध्ये पोकळ सळ्या घुसवून मातीचे गाभे काढण्याच्या कामावर खेळाडूंचा राग असतो. काही दिवस ग्रीन खडबडीत होते, चेंडू उड्या मारतो. पण पावलांनी आणि यंत्रांनी दाबलेल्या मातीत मुळांना हवा पोहोचवण्याचा आणि थॅच काढून त्या जागी वाळू भरण्याचा याहून भरवशाचा उपाय नाही. हे काम लांबणीवर टाकणाऱ्या मैदानाला त्याची किंमत पुढच्या पावसाळ्यात किंवा उन्हाळ्यात मोजावी लागते.

टणक जमिनीचा सर्वांत मोठा लाभ होतो तो सामान्य खेळाडूला, आणि हे फारसे बोलले जात नाही. ज्यांचा फटका लांब जात नाही, अशा वयस्क आणि नवशिक्या खेळाडूंना फेअरवेवर मिळणारी धाव फार मोलाची असते. ग्रीनचे तोंड उघडे असेल आणि समोरची जमीन कोरडी असेल, तर खाली मारलेला, धावत जाणारा चेंडूही झेंड्याजवळ पोहोचतो. तेच मैदान रोज पाण्याने भिजवले की ते केवळ उंच आणि दूर मारणाऱ्यांचे होते. ग्रीनला जवळ असलेल्या पुढच्या टींचा आग्रह धरणाऱ्या आराखडाकार ॲलिस डाय यांनी अंतराच्या बाजूने जे काम केले, तेच काम जमिनीच्या बाजूने निचरा आणि पाण्याचा संयम करतात.

(दृश्य : पाइनहर्स्ट क्रमांक 2. फेअरवेच्या कडेला वाळू, पाइनची पाने, गवताचे विखुरलेले झुपके.)

नॉर्थ कॅरोलिनातील पाइनहर्स्ट क्रमांक 2 हे मैदान डोनाल्ड रॉस यांनी आखले आणि 1948 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्यावर काम करत राहिले. त्यांच्यानंतर फेअरवेच्या दोन्ही बाजूंना हिरवागार, दाट रफ, म्हणजे उंच गवत, वाढवला गेला. 2010 मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी सुमारे 35 एकर हिरवळ काढून टाकली, वाळू आणि रानगवत परत आणले आणि पाणी देणारे फवारे निम्म्याहून कमी केले. फेअरवेच्या कडा पिंगट झाल्या. दूरचित्रवाणीवर हिरव्या गालिच्याची सवय झालेल्या अनेकांना ते रुचले नाही. पण हिरवा रंग म्हणजे निरोगी हिरवळ हा समज जितक्या लवकर मागे पडेल तितके बरे.

2014 मध्ये याच मैदानावर पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत झाली. रॉस यांची ग्रीन मध्ये उंच आणि कडांना उतरती आहेत, आणि कडांबाहेरचे गवतही आखूड ठेवलेले होते. त्यामुळे ग्रीनवरून घसरलेला चेंडू उंच रफमध्ये न अडकता मोकळ्या उतारावर थांबे, आणि खेळाडूला तो उचलून मारावा, खालून उसळवावा की पटरने (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या काठीने) उतारावर चढवावा, हे ठरवावे लागे. मार्टिन कायमरने वारंवार पटर निवडला आणि आठ फटक्यांच्या आघाडीने स्पर्धा जिंकली; पुढच्या आठवड्यात मिशेल वी विजयी ठरली. त्या उन्हाळ्यातच तेथील ग्रीनवरचे बेंटग्रास काढून अतिबुटक्या जातीचे बर्म्युडा लावण्यात आले. उतार होते तेच राहिले, आणि त्यांवर चेंडू किती धावतो हे मात्र खेळाडूंना आणि ग्रीनकीपरना पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.